गच्चीची किल्ली

४ मार्च, सोमवार
गच्चीला कुलूप! सेक्रेटरींनी इमारतीच्या ग्रुपवर कळवलं — पाणी झिरपतं, कपडे घरातच वाळवा. आता संध्याकाळी जायचं कुठे? हे गेल्यापासून माझं दिवसभराचं बोलणं म्हणजे तिथलंच, दोरीच्या अलीकडून पलीकडे. दुपारी दूधवाल्याला नुसतं "ठेवा" म्हटलं, तर आवाज घोगरा. न वापरलेला.

५ मार्च
धीर करून ग्रुपवर लिहिलं — "कपडे घरातही वाळतात हो. पण ओल्या चादरीपलीकडून 'आज काय केलंत?' असं विचारणारं घरात कोणी नाही."
चहा उकळेपर्यंत सेक्रेटरींनी पुसूनही टाकलं. त्या जागी करडी ओळ — ॲडमिनने मेसेज काढला. बाईंनी सगळ्या वर्गासमोर वही फाडावी, तशी कानशिलं तापली.

६ मार्च
फोनवर फोन! तिसऱ्या मजल्यावरची नर्स, जुळ्यांची आई, जिन्यात कधी ओळख न दाखवणारे वकीलसुद्धा. सगळ्यांचं एकच — काय लिहिलं होतंत? प्रत्येकाला पाठ म्हणून दाखवलं. नर्सने तर उतरवून घेतलं.
शाळा आठवली. कवितांच्या पुस्तकातलं एक पान मदर सुपीरियरनी कागद चिकटवून झाकलं होतं. त्या वर्षी अख्ख्या वर्गाने मन लावून वाचलं ते तेवढंच — खिडकीच्या काचेवर धरून.

९ मार्च
परगावाहून धाकट्या बहिणीने पाठवलंय — "ताई, हे वाच. कोणीतरी एकटी बाई आहे ग. डोळ्यांत पाणी आलं." माझंच! खाली नाव नाही. मी लिहिलं — खरंच, बिचारी.

११ मार्च
कुलूप निघालं. शेजारच्या इमारतींतले लोकही म्हणे सेक्रेटरींना रस्त्यात अडवून किल्लीचं विचारत होते. संध्याकाळी गच्ची भरली. नर्स म्हणाली, "काकू, त्यांनी पुसलं नसतं ना, तर मी वाचलंही नसतं." सेक्रेटरी कोपऱ्यात आपले दोन शर्ट वाळत घालून, कोणाशी न बोलता खाली गेले.

२० मार्च
गच्चीवर मी आणि दोऱ्या. सगळ्यांना आपापली घाई. फोनही गप्प.

२१ मार्च
ग्रुपवर नुसतं "नमस्कार" लिहिलं आणि लगेच स्वतःच पुसलं.
पहिला फोन सेक्रेटरींचा. दटावतील असं वाटलं.
"काय लिहिलं होतंत, बाई?"
आवाज घोगरा. न वापरलेला.