सहा तारा आणि अर्धं मिनिट

प्रिय वन्सं,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे हे विचारत नाही. तुम्ही डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करत नसणार आणि उगाच मला खोटं उत्तर वाचावं लागेल. इकडे आम्ही दोघं ठीक. म्हणजे प्रकृतीने.

तुमच्या भावाने इलेक्ट्रिक गिटार घेतली हे तुम्हाला कळलंच आहे. (साध्या गिटारला मी परवानगी दिली नाही. हिची विजेची तार जोडली नाही तर शेजारी ऐकू जात नाही, असं सुधारलेलं वाद्य दुसरं नाही.) जन्मभर दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडलेला माणूस घरी बसला की स्वयंपाकघरातला काटा तपासायला लागतो. ते टळावं म्हणून मी स्वतः यांना दुकानात नेलं. दुकानात अंबाडा घातलेले एक गृहस्थ होते. त्यांनी तीन गिटारी काढून ठेवल्या आणि मी सर्वांत स्वस्त उचलली तेव्हा तोंड बारीक करून म्हणाले, "मॅडम, हिच्या खुंट्या सैल पडतात. रोज सूर लावत बसावं लागेल." मी म्हटलं, "बसतील. यांना दुसरं काय काम आहे?" हे माझ्याकडे पाहून हसले. आपला अपमान झालाय हे यांना पस्तीस वर्षांत एकदाही वेळेवर कळलेलं नाही.

तर खुंट्या खरोखरच सैल निघाल्या. रोज सकाळी सात वाजता हे खिडकीशी बसायचे आणि पाऊण तास सहा तारा लावायचे. उजव्या कानाला बारीक आवाज नीट ऐकू येत नाही (डॉक्टरांकडे न्यायचंय, ते वेगळं), म्हणून दर तारेला मला विचारायचे, "आता?" मी जेवणाच्या टेबलाशी वर्तमानपत्र वाचत असायची. कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकले, ते पहिल्यांदाच कामाला आलं. मी म्हणायची, "चढलीय, उतरवा." "इतकी?" "अजून." "तू पेपर वाचतेयस का ऐकतेयस?" "दोन्ही. खुंटी उलट पिळताय, तार तुटेल." असं सहाव्या तारेपर्यंत. मग वाजवण्याजोगं उरायचंच काय. यांना एकच गाणं येतं, तेही अर्धं. ते वाजवून गिटार स्टँडवर.

वर्षाकाठी अकरा दिवस नुसते खुंट्या पिळण्यात जातात, हे मी यांना कागदावर काढून दाखवलं. तेच चुकलं. गणित बरोबर होतं, वन्सं, पण मी ते करायला नको होतं. पुन्हा त्या अंबाडेवाल्यांकडे गेले. एक चिमट्यासारखं यंत्र होतं, ते नुसता काटा दाखवतं. दुसरं खुंटीवर टेकवलं की आतल्या मोटारीने खुंटी स्वतःच फिरवतं आणि सूर लागला की थांबतं. मला अर्धवट मदत आवडत नाही, म्हणून दुसरं आणलं आणि यांच्या वाढदिवसाला दिलं.

पहिल्या दिवशी सहा तारा अर्ध्या मिनिटात लागल्या. यांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं, "अचूक आहे," म्हणाले. (काटेतपासनिसाच्या तोंडून याहून मोठी स्तुती निघत नाही.) मग अर्धं गाणं वाजवलं, ते पुन्हा वाजवलं, आणि सात वाजून पाच मिनिटांनी माझ्यासमोर येऊन बसले. बोलण्यासारखं काही नव्हतं. चौथ्या दिवसापासून गिटारला हात लावलेला नाही. तिच्यावरची धूळ मी पुसते. पेपर आता वीस मिनिटांत संपतो आणि आत एवढंसंच छापलेलं असतं हे लक्षात येतं. मुलं बाहेरगावी गेल्यापासून आमच्या घरात दिवसभरात जेवढं बोलणं होतं, ते सगळं त्या पाऊण तासात होत होतं. ते मी मोटार लावून संपवलं.

"यंत्र नको, पूर्वीसारखं करा" असं मी का म्हणत नाही, असं तुम्ही विचाराल. मला म्हणता येत नाही. वाढदिवसाची भेट परत मागायची, वर कारण सांगायचं. जिभेला तसलं वळण नाही.

घरी सर्वांना आशीर्वाद. व्यायाम करा.

तुमची
वहिनी

ता. क. येत्या रविवारी या. यांच्यासमोर कुणाच्या तरी गिटारसाठी म्हणून ते यंत्र चार दिवसांसाठी मागा आणि हरवा. माझी छत्री, दोन डबे आणि चष्म्याचं घर तुम्ही कुणी न सांगता हरवलंत, तेव्हा कुणाला संशय येणार नाही. मी रागावेन, मनावर घेऊ नका.

ता. क. २. पाकिटावर तुमचं नाव पाहून यांनीही एक ओळ घालायला सांगितली आहे. मी स्वयंपाकघरात गेल्यावर तुम्हाला फोनवर सांगायचा यांचा बेत होता, पण मी जाईना. ओळ अशी: "यंत्र झकास आहे, तुझ्या वहिनीने फार विचार करून आणलंय, आलीस तर तिच्यासमोर त्याला नावं ठेवू नकोस." शब्दशः उतरवली आहे. रविवार लांब आहे. शनिवारीच या.