नखावरची धार

किर्यात गात,
एलुल महिना, १९७८

प्रिय एलिशा,

दुपारची वेळ आहे, दुकानात मी एकटाच. या उन्हात इथं कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. फ्रीजरचं मशीन घरघरतंय आणि त्यात कुठल्या तरी लांबच्या देशातलं बीफ दगडासारखं पडलंय. तुझ्याच हैफाच्या बंदरात उतरलं असेल, कदाचित तूच त्याच्या पेट्यांवर नजर टाकून पुढं पाठवलं असशील. म्हणजे दोघं भाऊ एकाच धंद्यात म्हणायचे. बकरं मात्र महिना झाला माझ्या हुकाला लागलेलं नाही. सण तोंडावर आलेत, लेआबाईच्या मुलाचं लग्न आहे, आणि सगळ्यांना बकरं माझ्याच हातचं हवं आहे. मला मात्र सुरी खाली ठेवावी लागणार असं दिसतंय. ती कशी ठेवायची, एवढाच प्रश्न आहे.

झालं असं. बीरशेव्याच्या बाजारातला नेहमीचा बेदुईन बकरं घेऊन आला होता. गावाच्या कत्तलखान्यात मी सुरी काढली, बाबांनी शिकवलं तशी धार बोटाच्या पेरावरून फिरवली, मग नखावरून, एकदा वर, एकदा खाली. बोटाला काही लागलं नाही. कानाला लागलं. नखावरून पातं सरकताना एका ठिकाणी बारीक टिक् झालं. पुन्हा फिरवली. बोट गप्प, कानात टिक्. उजेडात धरून पाहिली, तर केसाएवढी खाच. त्या सुरीनं कापलं असतं तर मांस काशेर राहिलं नसतं, आपल्या कुणाला खाता आलं नसतं, आणि बोटानं मला काही सांगितलं नसतं. मी बेदुईनला म्हटलं, बकरं लंगडतंय, घेऊन जा. तो माझ्याकडं बघतच राहिला. बकरं माझ्यापेक्षा बरं चालत होतं.

कुपात-होलिमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं डोळे मिटायला लावले आणि बोटांना टाचणी टोचली. दुखतंय का, म्हणाला. मी म्हटलं, टोचलीस कधी? साखर वाढली आहे, पेरांमधली जाण गेली आहे, परत येईल असं वाटत नाही म्हणाला. वर सांगतो, खाटीक आहात, सुरी जपून वापरा. त्या भल्या माणसाला वाटलं, मी बोट कापून घेईन याची मला काळजी आहे.

आपल्या धंद्यात बोट म्हणजे काय, हे तुला मी काय सांगू. बाबा आठवडाभर घाणा चालवायचे, आणि कुणाकडं मलिदा असला, लग्न असलं की सुरी फडक्यात गुंडाळून अलिबागपासून थेट रेवदंड्यापर्यंत चालत जायचे. त्या फडक्याला तेलाचा वास यायचा. कुणी दुकान घातलेलं नव्हतं, कुणी पाटी लावलेली नव्हती. लोक त्यांच्या हातचं खायचे, बस्स. मुंबईला मी आलो तेव्हा डोंगरीला एका मुसलमान खाटकाकडं उभा राहिलो. तो भला माणूस आपल्या ज्यू लोकांसाठी एक हूक वेगळा ठेवायचा, त्याला दुसरं मांस कधी लावलं नाही. गिऱ्हाईक विचारायचं नाही, तो आपणहून सांगायचा, बाई, हे तुमच्या शोहेतनं कापलेलं आहे. सोलणं, सांधे सोडवणं, मांडीतली आपल्याला वर्ज्य शीर अख्खी ओढून काढणं मी त्याच्या दुकानात शिकलो. इथं मागच्या पायातली ती शीर कुणी काढत बसत नाही, कटकट नको म्हणून अख्खा पाय सरळ दुसरीकडं विकून टाकतात. मी मोरोक्कोवाल्याच्या मटणाच्या दुकानात, अटलीझमध्ये, नोकरीला लागलो तेव्हा त्याला ती शीर काढून दाखवली. तो म्हणाला, हे तुम्ही हिंदुस्थानात करत होता? मी म्हटलं, तुम्ही सोडून दिलंत, आम्हाला कुणी सोडायला सांगितलं नाही. त्यानं पगार वाढवला. पुढं दुकानच घेतलं त्याच्याकडून.

आता दुकानात काय चालतं ते ऐक. तुला माहीत आहे, माझे कान कुठंही पोचतात. मी आत करवतीवर हाड धरलेलं असतं आणि बाहेर बायका बोलत असतात. एक म्हणते, बारूखभाय आता मोठे झाले गो, बकऱ्याला हात लावत नाहीत, पेटीतलं विकतात. दुसरी म्हणते, मोठे कसले, बायकोचं ऐकतात, हाना म्हणते कपड्यांना वास येतो. लेआबाईची मोठी सून इथंच जन्मलेली, ती हिब्रूत म्हणते, बीफ घेऊ ना आई, काय फरक पडतो. लेआबाई मराठीत म्हणते, तुझ्या सासऱ्यानं जन्मात बीफ खाल्लं नाही, मुलाच्या लग्नात खाईल होय? मग आत डोकावून मला विचारते, भाय, गुरुवारी नक्की ना? आणि मी म्हणतो, बघतो, बकरं चांगलं मिळू दे. महिनाभर मी बकऱ्यांना नावं ठेवतोय. देशातलं एक बकरं आता धड उरलेलं नाही.

हाना म्हणते, त्यात काय, सांगून टाका कंबर गेली. या वयात कुणाचीही जाते. रब्बींच्या कचेरीत, रब्बानूतमध्ये, तेच सांगा, सुरी पेटीत ठेवा, दुकान तयार कोंबडीवर चालेल. शहाणी बाई आहे, आणि मीही एवढी वर्षं असल्याच शहाणपणावर दुकान उभं केलं. कंबरेबद्दल कुणी उलट विचारणार नाही. बोटाचं सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, कधीपासून? आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. मी नेहमी बोट आणि कान दोन्ही लावतो. खाच असती तर कानानं पकडली असती, असं मी स्वतःला सांगतो. दिवसा ते पटतं. पण जाण एका दिवसात जात नाही रे, भिंतीवरचा रंग उडतो तशी जाते. गेल्या वर्षी किती होती, पेसाहच्या सणाला किती होती, कुणाला ठाऊक.

आणि ही गोष्ट माझ्या एकट्याची राहत नाही. आपण हिंदुस्थानातून आलो तेव्हा इथले रब्बी काय काय विचारत होते आठवतं ना. तुमची लग्नं कशी, तुमचे घटस्फोट कसे, तुम्हाला कुणी शिकवलं. धरणं धरून रस्त्यावर बसून राहिले आपले लोक, तेव्हा कुठं तोंडं बंद झाली. मला शोहेतचा परवाना देताना त्या म्हाताऱ्या रब्बीनं माझी सुरी स्वतःच्या नखावरून फिरवली आणि परत दिली. मला वाटलं, ती आपल्या सगळ्यांनाच परत दिली. आता कुणी म्हणेल, बघा, त्यांचा शोहेत आंधळ्या बोटानं कापत होता. म्हणून कंबरेचं सांगावं असं रोज सकाळी ठरवतो. मग एखादी म्हातारी येते, मांस न बघताच पिशवी पुढं करते, आणि म्हणते, भाय, तुम्ही द्याल ते. तिच्या पिशवीत काही टाकताना हल्ली हात जड होतो. दमलो आहे एलिशा. कामानं नाही.

काल ठरवलं. शनिवारी आपल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपली की बोटाचं सांगणार आहे, कंबरेचं नाही. हानाला सांगितलं, ती रडली आणि मग माझा पांढरा शर्ट इस्त्रीला काढला. हे सगळं तुलाच लिहिण्याचं कारण आता सांगतो. मी थोरला, पण तुझा हात हलका म्हणून बाबांनी पहिल्यांदा सुरी तुला दिली, तेव्हा अख्खी आळी जमली होती. तू ती हातात धरलीस, मग पुसलीस आणि त्यांना परत दिलीस. म्हणालास, बाबा, माझ्यानं होणार नाही. लोक म्हणाले, घाबरला. बाबांनी सुरी पुन्हा फडक्यात गुंडाळली. सुरी माझ्याकडं आली आणि त्यावर मी सगळं आयुष्य उभं केलं, पण चार लोकांसमोर ते वाक्य म्हणणं मला कधी जमलं नाही, आणि आता म्हणायची वेळ आली तेव्हा ते जमलेला माणूस मला तू एकटाच माहीत आहे. शुक्रवारी दुपारच्या बसनं ये, म्हणजे शब्बाथ लागायच्या आत पोचशील. बोलायचं काही नाहीस, माझी बाजू घ्यायची नाहीस. ते कधीपासून म्हणून विचारतील आणि मी माहीत नाही म्हणेन, तेवढा वेळ नुसता माझ्या शेजारी उभा राहा.

तुझाच थोरला,
बारूख