लाल दोऱ्याचे टाके

मंगळवार, संध्याकाळ. डिसेंबर.

दुकानातली बिनकव्हरची रजई वापरून बघायला घरी आणली होती. सरांनी बजावलं होतं, "कशी वाटते ते लिही आणि बुधवारी जशीच्या तशी परत आण." नमुना एकच आहे. मला नोकरीला लागून महिनाही झालेला नाही.

आज घरी आले तर आईने तिची हिरवी साडी रजईवर घालून गोधडीसारखे आरपार टाके मारले होते. लाल दोऱ्याने, सगळीकडे.

"अगं आई, हे काय केलंस?"

"तूच म्हणलीस ना, मळू देऊ नको? उघडीच दिली त्यांनी. अशी कोण पांघरतं, येडे!"

एक टाका उसवून पाहिला. भोक राहिलं. लाल दोरा ओढला की आतला पांढरा कापूसही बाहेर येतो. आता काय करू? बसमध्ये फाटली म्हणू? खरं सांगितलं तर दुकानात आईला हसतील. नोकरी गेली तर?

हिला कव्हर लागत नाही, धुवायची तशीच धुवायची, हे रजईसोबत आलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. घरात वाचता येणारी मी एकटी. मी वाचलं आणि चिठ्ठी कपाटात ठेवली. आईला वाचून का नाही दाखवलं?

शेवटी अहवालात लिहिलं, 'रजई माझ्या चुकीमुळे खराब झाली.' हे खोटं नाही. तीनदा वाचून पाहिलं.

आत्ताच आईने विचारलं, "साहेबांना आवडंल ना गं?"

मी हो म्हणाले. हे मात्र खोटं.