थोरली आली होती

मखमलाबाद, नाशिक
रविवार, १९ ऑक्टोबर २००८

सौ. सिंधूताईस,

नमस्कार. दहा वर्षांत तुला पहिलंच पत्र, त्यामुळे मायना काय लिहावा हेही नीट सुचत नाही. आम्ही बरे आहोत. नानांचा गुडघा दुखतो, तरी मळ्यात जातात. यंदा मेथी बरी आली, कोथिंबीर पिवळी पडली. आईला वर्ष व्हायचंय म्हणून घरात दिवाळी नाही. फराळाचं काही केलेलं नाही. तुमच्याकडे सुरगाण्याला भात कापणीला आला असेल. मंगळूदाजींची आश्रमशाळा सुट्टीमुळे बंद असेल, म्हणून पत्र घरच्या पत्त्यावर टाकतेय.

झाली खुशाली. आता सांग, 'पायवाट' तूच ना?

नाही म्हणू नकोस. गेल्या महिन्यात मी ब्लॉगवर आईच्या जुड्यांबद्दल लिहिलं. केळीच्या सोपटानं ती कोथिंबिरीच्या जुड्या कशा बांधायची, पंचवटीच्या बाजारात तिची जुडी गिऱ्हाईक लांबून कशी ओळखायचं, एवढंच. त्याच्याखाली 'पायवाट' या नावानं तुझी कॉमेंट आली, "आणि शेवटची गाठ दातानं ओढायच्या. त्यानं पुढच्या दाताला खाच पडली होती."

मी दाताबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. ती खाच आपण दोघींनी पाहिलेली, आणि नानांनी. नानांना माऊस म्हणजे काय ते माहीत नाही.

मग मी पहिल्यापासूनच्या सगळ्या कॉमेंट काढून बसले. पायवाटच्या तेवीस. सगळ्या शनिवारी दुपारच्या. अर्धी शाळा सुटली की जीपनं वणीला उतरायचीस ना, सायबर कॅफेत? पेपरच्या पुरवणीत माझ्या ब्लॉगवर चार ओळी आल्या होत्या, त्यातून सापडला असेल. मी नाव बदललं होतं, पण मळा, आई, नाना तेच. तुला ओळखायला काय वेळ लागणार!

माझा इतका संताप झाला, की मी कॉम्प्युटरची वायरच ओढून काढली. तुला वाटेल, एवढं काय झालं? चांगलंच तर लिहीत होतीस. तेच तर! शिव्या दिल्या असत्यास तर मी समजू शकले असते.

आईला लकवा झाला तेव्हा मी डीटीपीचं काम सोडलं. लग्नपत्रिका जुळवणारी बाई, एकदम बेडपॅन धुवायला लागले. बावीस महिने. मालकांनी जुना कॉम्प्युटर घरी नेऊ दिला, म्हणून दुपारी आई झोपली की टाइप करत बसायचे. आपलं कोण वाचतंय, असं वाटायचं. पहिली कॉमेंट आली, "छान लिहिता, लिहीत राहा." ठाण्याचा कुणी ओम. दिवसभर मी हवेत होते. कुकरची शिट्टी ऐकू आली नाही, डाळ करपली. घरात माझ्याशी बोलायला होतं कोण? आईची जीभ जड, नाना मुळातच अबोल. त्यानंतर मी स्वयंपाकाच्या मधे उठून बघायचे, कुणी काही लिहिलंय का. वेडच लागलं होतं म्हण.

आई जायच्या आधीच्या ऑगस्टमध्ये मी लिहिलं, की आईनं अन्नाची वाटी तिसऱ्यांदा उलटी केली आणि मी तिच्या हातावर फटका मारला. लकव्याच्या हातावर. खूप कॉमेंट आल्या. कुणी म्हणे योगा करा, कुणी म्हणे बाई ठेवा, बंगलोरची सृष्टी म्हणे देव बघतोय. आणि पायवाट म्हणाली, "तुम्ही वाईट मुलगी नाही. जो हात रोज उचलतो, धुतो, भरवतो, त्याच हातून कधी फटका बसतो. जे लांब असतात त्यांचे हात स्वच्छच राहतात."

ते मी कागदावर उतरवून देव्हाऱ्यात ठेवलं होतं, ताई. देव्हाऱ्यात! मला वाटलं, जगात कुणीतरी एक परकं माणूस आहे, ज्यानं मला माफ केलं. आणि ती तू निघालीस. तुला काय अधिकार मला माफ करायचा? तू एकदा तरी तिची कूस बदललीस? पाठीची जखम धुतलीस? वणीच्या खुर्चीत बसून तू मला धीर देत होतीस आणि मी तुला "तुमचे आभार कसे मानू" म्हणत होते. तुम्ही! तुला हसू नाही आलं?

हे सगळं मी दोन आठवडे मनात घोकलं. रोज नवीन वाक्यं सुचायची. पण पत्र लिहायला बसले की एका जागी येऊन अडायचे. आज त्या जागेवरून पुढे जाते.

दवाखान्याचं गेट. गेल्या वर्षीची भाऊबीज झाल्यावरचा दिवस.

"कोणी सांगितलं तुला?" मी विचारलं. तू म्हणालीस, "कळलं." आता समजतंय कसं कळलं ते. 'आईला दवाखान्यात हलवलंय' असं मीच ब्लॉगवर दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. तुझ्या हातात नागलीच्या पिठाची पिशवी होती. मी म्हणाले, "आई शुद्धीत नाहीये. नाना वर बसलेत. तमाशा नको, तू जा." तू म्हणालीस, "दारातून बघते फक्त." मी म्हणाले, "कळत नाही का तुला?" पिशवी माझ्या पायाशी ठेवून तू रिक्षात बसलीस.

आई शुद्धीत होती, ताई.

त्याच सकाळी तिनं विचारलं होतं, "सिंदू आली का?" शब्द फुटत नव्हते, पण ते दोन-तीन शब्द स्वच्छ. बावीस महिन्यांत माझं नाव तिनं नीट घेतलं नव्हतं. घशात अडकतं म्हणे. तुझं कसं अडकलं नाही? मी खाली येऊन तुला परत पाठवलं, आणि वर जाऊन तिला सांगितलं, "नाही आली." तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. दोन दिवसांनी गेली. पीठ मी दवाखान्याच्या झाडूवालीला देऊन टाकलं.

आणि जानेवारीत ब्लॉगवर लिहिलं, 'थोरली आलीच नाही'.

सत्तेचाळीस कॉमेंट. माझ्या कुठल्याच लिखाणाला एवढ्या आल्या नव्हत्या. "अशा मुलींना मुली म्हणू नये." "आईचा तळतळाट लागेल." "तुम्ही खरी लेक." मी एकेक वाचत होते आणि पोटात थंड वाटत होतं, खोटं कशाला सांगू. एखादा आठवडा कॉमेंट थांबल्या तर मीच उत्तरं द्यायचे, म्हणजे पुन्हा सुरू होतील.

त्यात पायवाटची एक होती. "आईंना शांती लाभो." बस्स.

तू का बोलली नाहीस? "ही बाई खोटं बोलते, मी गेटपर्यंत आले होते," एवढं एक वाक्य! हो, मी ते उडवलं असतं, ते बटण माझ्याच हातात होतं. पण मला कळलं असतं की तुला कळलंय. तू सत्तेचाळीस लोकांच्या शिव्या वाचल्यास, पन्नास किलोमीटर जीपनं येऊन वाचल्यास, आणि पुढच्या शनिवारी परत "जेवण वेळेवर करा" म्हणून लिहिलंस. असं कुणी करतं का? मला इतकं लहान का केलंस?

काल मी नवीन लिहिलं. 'थोरली आली होती'. सगळं, पिठासकट. दुपारपर्यंत सोळा कॉमेंट आल्या होत्या. सृष्टी म्हणते, तुमचं पुन्हा कधी वाचणार नाही. ओम म्हणतो, आमच्या भावनांशी खेळलात. एकही उडवलेली नाही. जुनं 'थोरली आलीच नाही'ही तसंच राहू दिलं, लोकांना दोन्ही वाचू देत.

ते टाकायच्या आधी नानांना सांगितलं. ते ओट्यावर मेथी निवडत होते.

"आली हुती?"

"हो."

"आन् त्वा परत लावली?"

"तुम्ही वर होतात. बोलावलं असतं का तुम्ही तिला?"

हातातली जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "नाय बोलावलं असतं. पण ते पाप माझं राहिलं असतं. तू कशाला घेतलंस?"

नंतर जेवले नाहीत. तुझं लग्न झालं तेव्हा "आदिवासीच्या घरात गेली, मेली आपल्याला" म्हणून अंघोळ केलेला माणूस हा. आज सकाळी मला विचारत होते, सुरगाण्याची गाडी कुठून सुटते. कशाला विचारलं, ते मी विचारलं नाही.

दोन नोव्हेंबरला, रविवारी, आईचं वर्षश्राद्ध आहे. घरीच करतोय. नानांनी तुला बोलाव म्हटलेलं नाही, खोटी आशा लावत नाही. मी बोलावतेय. दाजींना घेऊन ये. ओट्यावर बसवायचं नाही त्यांना, आत पंगतीला बसतील. कुणी उठून गेलं तर जाऊ दे.

मला तुझा राग आहे. लिहून कमी होईल वाटलं होतं, झाला नाही. तू आलीस की चारचौघांत भांडेन कदाचित. तूही भांड. मला काय म्हणायचं ते तोंडावर म्हण, वाटल्यास हात उचल. पण समजूतदारपणे "तुम्ही वाईट मुलगी नाही" असलं काही परत म्हणालीस, तर मला ते सोसायचं नाही.

माफी या पत्रात नाही. कागदावर मागून तुला घरबसल्या द्यायला लावणार नाही.

वाट बघतेय,
तुझी धाकटी,
सुवर्णा