पाच वेळा रिकाम्या केलेल्या तबकडीबाबत

प्रति,
मा. अधीक्षक, बालप्रदर्शन विभाग,
लार्किन काउंटी जत्रा, माँटाना.

विषय : कु. मारित ब्रेक्के (वय १२) हिला दिलेला ‘यंत्र चालवता येत नाही’ हा शेरा रद्द करणेबाबत.
संदर्भ : काडतूस-भरणी प्रात्यक्षिक, टेबल क्र. १४, शनिवार.

महोदय,

१. आपण बारा वर्षांचे आहात, अशी घटकाभर कल्पना करावी. समोर आमच्या नेमबाजी क्लबचे काडतुसे भरायचे जुने हातयंत्र आहे. त्याच्या तबकडीवर वापरलेल्या काडतुसांच्या पाच पुंगळ्या उभ्या आहेत. दांडा एकदा ओढला की एकीची जळकी टोपी निघते, दुसरीत बंदुकीची दारू पडते, तिसरीवर गोळी बसते, सगळे एकदमच. मग तबकडी हाताने एक घर पुढे सरकवायची. तेवढ्यात कुणी हाक मारली आणि आपण मान वळवली. आता तबकडी सरकवली होती की नाही? चुकलात तर एकाच पुंगळीत दुप्पट दारू, आणि पुढे बंदूक हातातच फुटायची. म्हणून आमचा नियम एकच : लक्ष ढळले की तबकडी रिकामी करावी व पहिल्यापासून सुरुवात करावी.

२. मारितने हे यंत्र स्वतः टेबलाला आवळून बसवले. पहिले तीन आठवडे मी तिला तबकडीवर एकच पुंगळी ठेवू दिली. ती कुरकुरली, पण शिकली.

३. जत्रेत बंदुकीच्या दारूला मनाई असल्यामुळे आम्ही मक्याचे पीठ घेतले होते. पंधरा मिनिटांत दहा काडतुसे करायची होती. परीक्षक श्री. हॉस्टेटर यांनी विचारले, “काय गं, ही नळी कसली?” तिने उत्तर दिले आणि तबकडी रिकामी केली. शेजारच्या टेबलावरच्या श्रीमती उल्रिच यांनी तिच्या नाकाखाली ताटली धरली, “घे बाई, ॲपल पाय आहे, गरमागरम!” रिकामी केली. भोंग्यावरून पुकारा झाला की ब्रेक्के यांचे डुक्कर सुटले आहे. रिकामी केली. मग ते डुक्कर टेबलाखालून गेले.

४. चौथ्यांदा तबकडी रिकामी होताना पाहून परीक्षक वैतागले, “अगं, पीठ आहे ते! फार तर भाकरी फुटेल!”

“पीठ आहे हे मला ठाऊक आहे,” मारित म्हणाली, “माझ्या हाताला ठाऊक नाही.”

५. पाचवा अपराधी प्रस्तुत अर्जदार आहे. दोन मिनिटे उरली तेव्हा माझा धीर सुटला व मी ओरडलो, “मारित, एवढ्या वेळेला जाऊ दे गं!”

“शाब्बास, सर,” ती म्हणाली, आणि पुन्हा पुंगळ्या उचलू लागली.

६. घंटा झाली. काडतुसे शून्य. शेरा कायम राहिल्यास पुढच्या जत्रेपर्यंत तिला क्लबच्या यंत्राला हात लावता येणार नाही; आणि हिवाळा हाच तर आमचा भरणीचा हंगाम. चाळीस वर्षे मुलांना शिकवतो आहे. मी सांगितलेला नियम मीच मोडायला सांगावे आणि मुलाने ऐकू नये, असे माझ्या भाग्यात एकदाच आले. तरी शेरा रद्द करावा, ही विनंती. फारच आवश्यक वाटल्यास तो माझ्या नावे लिहावा.

७. घंटेनंतर काय घडले, ते परीक्षकांच्या कागदात नाही. मारितने ॲपल पायच्या खोक्याचे झाकण फाडले, त्यावर ‘यंत्र चालू असताना बोलू नये’ असे ठळक लिहिले, दोरी ओवून ते माझ्या गळ्यात अडकवले आणि मला टेबलासमोर लोकांकडे तोंड करून बसवले. सगळे गप्प झाले. मग तिने तबकडीवर पहिली पुंगळी ठेवली आणि दांडा ओढला.

आपला नम्र व कान पकडलेला,
ऑर्विल टँगन
(निवृत्त शिक्षक)
दि. १२ ऑगस्ट

सोबत : काडतुसे, मक्याच्या पिठाची, नग दहा.