हिंदीतली चेष्टा

प्रिय आई,

मीनल तिकिटं काढायला बसली आहे. तिच्या अमेरिकेतल्या घरापासून चार तासांवरचं ते समुद्राकाठचं जुनं गाव, लाकडी घरांचं, आणि त्याच्या अलीकडे रेडवुडची जंगलं. आईचं राहिलं, निदान आपण दोघं जाऊन येऊ, असं तिचं म्हणणं. काल फोनवर तिनं विचारलं, "दादा, मुक्काम गावात करायचा की जंगलाजवळ?" मी म्हटलं, तूच ठरव, आणि काहीतरी निमित्त सांगून फोन ठेवला. तुला जाऊन चार महिने झाले. तिच्याशी बोलण्याआधी तुझ्याशी बोलायला हवं, म्हणून लिहितो आहे.

तुझी वही समोर उघडी आहे. 'मुक्काम तीन रात्री. मीनलला स्वयंपाक करू द्यायचा नाही. रस्ता वळणांचा, आवळासुपारी. धुकं असतं, कानटोपी. झाडं फार उंच, मान दुखेल, तेलाची बाटली.' पुढे एक प्रश्न लिहून ठेवला आहेस : 'गाव वसवलं लाकूडतोड्यांनी, मग एवढी झाडं उरली कशी?' हे तू मीनलला विचारणार होतीस ना? मला विचारलं असतंस तर मी हसलो असतो.

हसण्याचंच सांगायचं आहे. बाबांची नागपूरहून इथे भोपाळला बदली झाली तेव्हा मी तिसरीत होतो. हिंदीच्या मास्तरांनी माझ्या डायरीत लिहिलं, 'बालक बहुत चेष्टा करता है.' तू वाचलंस आणि माझ्या थोबाडीत दिलीस. मास्तरांची चेष्टा करतोस? दुसऱ्या दिवशी मला धरून शाळेत नेलंस, माफी मागायला लावलीस. मास्तर गोंधळले, मग म्हणाले, "बहनजी, चेष्टा माने प्रयास. हमने तो तारीफ़ लिखी थी." घरी येताना मला कुल्फी मिळाली. ही गोष्ट तूच पुढे सगळ्यांना रंगवून सांगायचीस, अगदी थपडेच्या आवाजासकट.

पण गेल्या वर्षी ती मी सांगितली. ऑफिसातले चौघं जेवायला आले होते, तू पुऱ्या तळत होतीस. गोष्ट संपली तरी मी थांबलो नाही. "आता ह्या अमेरिकेला निघाल्यात, व्हिसावाल्याच्याही थोबाडीत देतील," असं म्हणालो. मग तुला बाहेर बोलावलं. "आई, ते झाड कुठलं गं? म्हणून दाखव." तू पदराला हात पुसत म्हणालीस, "रेडऊड." सगळे हसले. तूही हसलीस आणि पुऱ्या बघायला आत गेलीस. त्यानंतर तू बाहेर आली नाहीस, पुऱ्या मीच आणून वाढल्या.

आई, मला त्या हसण्याची लाज वाटते. पण खरी लाजेची गोष्ट वेगळीच आहे.

व्हिसाच्या फोटोत कान दिसायला हवेत म्हणून तू तीनदा स्टुडिओत गेलीस. दर रविवारी विचारायचीस, "अरे, व्हिसाची तारीख मिळाली का?" मी म्हणायचो, "तारखाच नाहीत, सगळीकडे गर्दी आहे." मी तुझा फॉर्मच भरला नव्हता. अर्धा भरून ठेवून दिला होता. माझा व्हिसा ऑफिसच्या कामासाठी आधीच काढलेला होता. तुला एकटीला पाठवता आलं नसतं, मला बरोबर यावं लागलं असतं, आणि माझी रजा मला तुझ्यासाठी घालवायची नव्हती. याहून बरं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही. मग एका रविवारी तूच म्हणालीस, "राहू दे रे आता, गुडघे दुखतात." मला सुटल्यासारखं वाटलं. लगेच 'बरं' म्हणालो.

परवा तिवारी आंटी भेटल्या, तुझ्या सकाळच्या फेरीच्या सोबतीण. शाळेत हिंदी शिकवायच्या, बोलणं अजून तसंच शुद्ध. म्हणाल्या, "बेटा, तुम्हारी माँ ने वहाँ जाने की बड़ी चेष्टा की थी. घुटनों का बहाना करने के बाद भी रोज़ तालाब का पूरा चक्कर लगाती थीं. कहती थीं, क्या पता बेटे का मन बदल जाए."

बहाना! मी भोपाळात वाढलो, त्यांच्या 'चेष्टा'चा अर्थ मला बरोबर कळला. तरी कानात मराठीच वाजलं. चेष्टा तू केलीस आणि चेष्टा मी केली.

आंटींनी पुढचंही सांगितलं. मी 'तारखाच नाहीत' म्हणत होतो, त्याच महिन्यात त्यांच्या मुलीला अमेरिकेच्या व्हिसाची तारीख मिळाली होती, आणि ते तुला ठाऊक होतं. म्हणजे मी खोटं बोलतो हे माहीत असूनही तू दर रविवारी विचारत राहिलीस, आणि शेवटी मला खोटं बोलावं लागू नये म्हणून स्वतःच खोटं बोललीस. आई, तू भांडली का नाहीस? मास्तरांच्या एका शब्दासाठी थोबाडीत देणारी तू, तेव्हा तुझा हात कुठे गेला होता? एक दिली असतीस तर मी त्याच दिवशी फॉर्म भरला असता.

मीनलला वाटतं, तारीख न मिळाल्यामुळे तुझं राहिलं. आपण तिकडून जास्त खटपट करायला हवी होती म्हणून ती रडते, आणि मी तिची समजूत घालतो. इतका मी कोडगा झालो आहे.

आधी ठरवलं होतं, त्या झाडाखाली उभं राहून तिला सांगावं. पण तेही टाळणंच झालं, फक्त लांबचं. तिकीट निघायच्या आधी, उद्या सकाळीच तिला फोन करतो आणि सगळं सांगतो, फॉर्मचं, रजेचं, पुऱ्यांच्या दिवसाचं. 'दादा, तू येऊ नकोस' असं ती म्हणाली तर तुझी वही तिला पाठवीन. ती एकटी जाईल, आणि तुझा लाकूडतोड्यांचा प्रश्न तिथे विचारील. 'ये' म्हणाली, तर कानटोपी आणि तेलाची बाटली मी आणीन.

सांगताना जीभ अडखळेल, हे आत्ताच कळतं आहे. पण मी चेष्टा करीन, आई. हिंदीतली.

तुझा,
सुहास