दावीदाने ओतलेलं पाणी

२१ एप्रिल, सकाळ
'जागतिक प्रश्न : ख्रिस्ती दृष्टी' हा माझा कोर्स आजपासून सुरू. पुण्याच्या ऑफिसला रिपोर्ट आवडला तर तो सगळ्या मिशन शाळांना लागणार, आणि मी कोऑर्डिनेटर. पुण्यात. पंख्याखाली. वैशाखरे गावाच्या पुढच्या या आदिवासी पाड्यावर एकोणीस वर्षं काढली, थकलो. संकल्प : पाचला उठणे, मुलांवर न ओरडणे.

२२ एप्रिल
साडेसातला उठलो. उठेपर्यंत सातवीतल्या रखमीने नेहमीप्रमाणे माझा माठ भरून ठेवला होता. गुणी मुलगी. पहिला विषय पाणीटंचाई. आफ्रिकेतल्या बायकांचे फोटो दाखवले, डोक्यावर हंडे, मैलोन् मैल चाल. वर्ग ढिम्म. रखमीने विचारलं, यांच्या डोक्यावर एकेकच हंडा कसा. मुलांच्या संवेदना बोथट झाल्यात. मोबाईल, दुसरं काय. दोनदा ओरडलो.

२४ एप्रिल
सुचलं! दावीद राजाला तहान लागली, तेव्हा त्याचे तीन शिपाई शत्रूच्या गोटातून जिवावर उदार होऊन बेथलेहेमच्या विहिरीचं पाणी घेऊन आले. 'हे तर माझ्या माणसांचं रक्त' म्हणत राजाने ते प्यायला नकार दिला आणि देवापुढे ओतलं. तसंच करायचं. चाळीस मुलं पाड्याच्या विहिरीवरून पाणी भरून आणतील आणि मैदानात ओततील. जलफेरी. पुण्यासाठी व्हिडिओ. हंडा घेऊन पुढे मी स्वतः. उद्यापासून चालण्याची प्रॅक्टिस.

२५ एप्रिल
प्रॅक्टिस नाही. गुडघा.
रखमीची आई चंद्रकला शाळेत खिचडी करते, तिला उपक्रम सांगितला. तिने पळी फिरवायची थांबवली. म्हणाली, "सर, हिरीत रातभर झिरपतं तेवढंच पानी. त्यावर सगला पाडा जगतो. वतायचं नाय." प्रतीक म्हणजे काय ते मी तिला दहा मिनिटं समजावलं. तिने पुन्हा पळी फिरवायला घेतली, म्हणजे पटलं.

२८ एप्रिल
जलफेरी यशस्वी. उतारावर माझा पाय मुरगळला, तेव्हा रखमीने माझा हंडा आपल्या हंड्यावर चढवला. जबाबदारी वाटून घ्यायचीच असते. ओतायला मात्र पोरांनी फार वेळ लावला. रखमी तर दोन्ही हंडे घेऊन उभीच. गोष्ट पुन्हा सांगितली. तिने विचारलं, "सर, दावीदाच्या घरी पानी कोन भरायचं?" प्रश्न कोर्सच्या बाहेरचा. शेवटी ओतलं. व्हिडिओत रडताना दिसते. ऑफिसला हे फार आवडेल.

२९ एप्रिल
हजेरी चार. चिंतन चालू असावं.
खिचडी नाही, चंद्रकला आली नाही. वर्गात बसलेली मालू म्हणाली, काल हीर कोरडी केली, रात्री काही झिरपलंच नाही, आता सगळी डोंगरापलीकडच्या ओढ्यावर गेलीत. टँकर चार दिवसांनी. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'उपक्रमाला संपूर्ण पाड्याचा सहभाग लाभला.' माझाही माठ रिकामा. हरकत नाही. पाण्याचा उपास धरतो, कोर्सला शोभेल.

३० एप्रिल, सकाळी ११
उपास चालू आहे. जीभ टाळूला चिकटते. विहिरीवर जाऊन आलो, तळाशी चिखल. कठड्याजवळ बसलेल्या बायांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

३० एप्रिल, दुपारी ३
रखमी आली. पहाटे ओढ्यावर निघाली होती. अर्धी कळशी माझ्या माठात रिकामी केली आणि दारात थांबली.
म्हणाली, "सर, हे वतू नका."
दावीदाने काय केलं ते मला तोंडपाठ आहे, एकोणीस वर्षं शिकवतोय. तिच्या पायांना चप्पल नव्हती. फार लाज वाटली. तरी तिच्यासमोरच, उभ्याउभ्या, तीन ग्लास प्यायलो.